सुकलाल नानांची हरकत

सभागृहातले पंखे बंद करा, असं मी म्हटलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एप्रिल संपत आला होता. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत शंभरएक माणसं दाटीवाटीने बसलेली, खिडक्यांना पडदे ओढलेले, आणि ही कोण बाई पंखे बंद करायला सांगते?

समोर नगरपालिकेचे मुख्याधिकारी बसले होते. वयाने तरुण, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"पंखे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"यांचा आवाज लहान आहे, साहेब. माइक पंख्यांचीच घरघर आधी उचलतो."

"पण यांनी लेखी हरकत दिलीय ना? आम्ही ती वाचून घेतो. कशाला त्रास?"

माझ्या शेजारी सुकलाल नाना उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही. साहेबांनी त्यांच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या रुमालाकडे पाहिलं, मग शिपायाला खूण केली. पंखे हळूहळू थांबले. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली.

मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे. सगळे स्पीच थेरपिस्टच म्हणतात. राहते जळगावात, पिंप्राळ्याला. शहरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घसा विभागात नोकरी करते आणि आठवड्यातून एकदा धुळ्याला कॅम्पसाठी जाते. लोकांना वाटतं, आमच्याकडे फक्त तोतरी मुलं येतात. तीही येतात. पण खानदेशात माझ्या खुर्चीसमोर जास्त बसतात ते तंबाखूने घसा गेलेले पुरुष. सुकलाल नाना त्यांपैकी एक.

कॅन्सर स्वरयंत्रात पसरला असेल तर अख्खं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं. त्यानंतर माणूस नाकातोंडातून श्वास घेऊ शकत नाही. शर्टाचं वरचं बटण येतं तिथे गळ्याला एक छिद्र करतात, ते कायमचं राहतं. त्याला स्टोमा म्हणतात. हवा तिथूनच आत जाते, तिथूनच बाहेर येते. नाकातले केस धूळ अडवतात, नाक हवा ओलसर करतं, ती सगळी सोय संपते. म्हणून छिद्रावर सुती रुमाल बांधायचा. उन्हाळ्यात तो ओला करायचा. नानांचे रुमाल त्यांच्या पत्नी इंदूअक्का जुन्या मऊ धोतराचे शिवायच्या.

आवाज मात्र जातो तो जातोच. परत आणायचे मार्ग थोडे. एक यंत्र असतं, हनुवटीखाली धरलं की घूंऽ असा एकसुरी आवाज निघतो आणि त्यावर शब्द उमटतात. नानांना ते एका संस्थेने दिलं होतं. किराणा दुकानात त्यांनी ते लावलं तेव्हा दुकानदार आधी स्वतःचा मोबाइल शोधू लागला आणि नंतर हसला. नानांनी यंत्र कपाटात ठेवून दिलं. दुसरा मार्ग कष्टाचा. तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलायची आणि ढेकरासारखी परत आणायची. ती वर येताना घशातले स्नायू थरथरतात, त्या थरथरीला जीभ-ओठांनी शब्दाचा आकार द्यायचा. एका वेळी तीन-चार अक्षरं निघतात. मग पुन्हा हवा. शिकायला महिनोन्‌महिने लागतात आणि निम्मे लोक मध्येच सोडतात.

नानांनीही सोडलं होतं. दोन-चार शब्द येऊ लागले आणि ते यायचे थांबले. ते राहायचे जळगावहून एसटीने तासाभराच्या अंतरावर. गावाचं नाव लिहीत नाही, नगरपालिका असलेलं तालुक्याचं गाव समजा. प्रवास होत नाही, असा निरोप त्यांनी पाठवला. मी केस पेपरवर तसं लिहिलं आणि विषय तिथेच राहिला.

मग एके दिवशी ते अचानक ओपीडीत आले. सोबत अक्का. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यांच्या कॉलनीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. शहराच्या आराखड्यात तो बागेसाठी राखून ठेवलेला. बाग कधी झाली नव्हती, पण लिंबाची झाडं होती, पोरं क्रिकेट खेळायची, म्हातारी माणसं संध्याकाळी बसायची. एका कोपऱ्यात लोक कचरा टाकायचे, तो अधूनमधून पेटायचा. आता नगरपालिकेला तिथे कचरा संकलन केंद्र करायचं होतं. गावभरच्या घंटागाड्या तिथे रिकाम्या होणार, मग मोठे ट्रक तो कचरा पुढे नेणार. असं आरक्षण बदलायचं असेल तर आधी नोटीस छापावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि ज्यांनी लेखी हरकत दिली त्यांना समोर बोलावून ऐकावं लागतं. नानांनी स्वतःच्या हाताने हरकत लिहून दिली होती. आता सुनावणी लागणार होती.

"त्यासले तठे बोलनं शे," अक्का म्हणाल्या. त्यांना तिथे बोलायचंय.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं, मग ओठांना.

अक्कांनी जे सांगितलं त्याचं मला नवल वाटलं. नाना जन्मभर डाळमिलमध्ये मशीनवर होते. तिथल्या आवाजात बोलून उपयोग नसतो, सगळं हाताच्या खुणांवर चालतं. घरीही ते तसेच. लग्न ठरवताना, मुलगी मुक्ताईनगरला दिली तेव्हा, मोठ्या भावाशी वाटणी झाली तेव्हा, बोलायचं काम दुसऱ्यांनी केलं. नाना मान डोलवायचे. आवाज गेल्यावर मात्र त्यांना सारखं काहीतरी सांगायचं असायचं. अक्का हे सांगताना हसत नव्हत्या. त्यांना ते समजत नव्हतं एवढंच.

मी स्पष्ट सांगितलं की एवढ्या कमी दिवसांत भाषण होणार नाही. थोडी वाक्यं होतील, तीही छोटी. नानांनी लगेच मान डोलावली.

आमच्या कामात अक्षरं सारखी नसतात. प, ट, क ही अक्षरं म्हणताना तोंडातली हवा आपसूक मागे ढकलली जाते, म्हणून ती नानांसारख्यांना सोपी जातात. ह, म, न जड. आणि ध, भ, घ अशी हवा सोडून म्हणायची अक्षरं तर फसवतातच, कारण सोडायला फुप्फुसातली हवा तोंडात येतच नाही. धूर म्हटलं की ऐकणाऱ्याला तूर ऐकू येते. तेव्हा आम्ही शब्द निवडत बसलो. नानांनी वहीवर काय म्हणायचंय ते लिहायचं, मी त्यातले अवघड शब्द बदलायचे. धूर काढला, कचरा पेटतो असं केलं. प्लॉट बागेचा. तो बागेचाच पाहिजे. कचरा आत्ताच पेटतो. पुढे पण पेटेल. पोरं कुठे जातील, म्हातारे कुठे जातील? एकदा येऊन पाहा. बस, एवढंच.

त्यात त्यांच्या गळ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, नाना, तुम्ही या छिद्रातून श्वास घेता, धूर थेट फुप्फुसात जातो, हे सांगितलं तर साहेबांना लगेच पटेल. नानांनी वही ओढली. मग ती बाजूला सारली आणि हवा भरून बोलले. जमेल तसं, तुटत तुटत.

"ते मनं. हाई बठ्ठास्नं."

ते माझं आहे, हे सगळ्यांचं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

विषय काढला तो पंडितभाऊंनी. पंडितभाऊ म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष. जुन्या मोटारसायकलींचा धंदा, मोठा आवाज, कुणाच्याही कामाला धावून जाणारा माणूस. सगळ्या कॉलनीच्या सह्या त्यांनीच फिरून गोळा केल्या होत्या. एकदा ते नानांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आले आणि सेशनमध्ये बसले. नाना एक वाक्य म्हणायला केवढा वेळ घेतात ते पाहून ते अस्वस्थ झाले.

"मॅडम, नानांना बोलायचं टेन्शन देऊच नका," ते म्हणाले. "नाना फक्त पुढे उभे राहतील. मी बोलतो. आणि मग नानांनी रुमाल बाजूला करायचा. साहेबाला काही सांगावंच लागणार नाही."

नानांचा हात रुमालावर गेला. त्यांनी दोनदा मान हलवली.

"भाऊ, त्यांना ते नकोय," मी म्हटलं.

"बरं, बरं. नानांच्या मनासारखं." पंडितभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जिव्हाळ्यानेच ठेवला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला तो माणूस वाईट वाटेल. तो वाईट नव्हता.

सुनावणीला मी जावं हे आमच्या विभागप्रमुखांना पसंत नव्हतं. ते म्हणाले, पेशंट बोलायला लागला, आपलं काम संपलं. कुठे बोलतो हा त्याचा प्रश्न.

"सर, अनोळखी ठिकाणी, माइकवर, पहिल्यांदा बोलणार आहेत. घाबरले की अन्ननलिका आवळते. आवाजच फुटत नाही."

"उद्या पेपरात आपल्या हॉस्पिटलचं नाव आलं तर? हे राजकारणाचे विषय असतात, मॅडम."

मी सुट्टीचा अर्ज दिला. त्यांनी सही केली. हॉस्पिटलचा बिल्ला लावून जाऊ नका, एवढं बजावलं. ते म्हणणं वाजवी होतं.

तर सभागृह. नगरसेवकांची मुदत संपलेली होती, निवडणुका रखडलेल्या, म्हणून मुख्याधिकारीच प्रशासक होते. नगरसेवकांच्या गुबगुबीत खुर्च्यांवर कॉलनीतली माणसं अंग चोरून बसली होती. एकेकाचं नाव पुकारलं जायचं. बहुतेकांनी तेच ते सांगितलं आणि साहेबांनी प्रत्येकाला नोंद घेतली म्हटलं. पंडितभाऊ चांगलं बोलले. कचरा कुठेतरी टाकावाच लागेल ना, असं साहेब म्हणाले, तेव्हा त्यांनी पुन्हा सह्यांचा गठ्ठाच पुढे केला.

नानांचं नाव आलं आणि पंखे थांबले.

मी माइक त्यांच्या ओठांजवळ आणला, गळ्यापासून लांब, नाहीतर छिद्रातल्या श्वासाचा सूं-सूं आवाज येतो. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी हवा भरली.

"प्लॉट बागेचा."

आवाज आला. खरखरीत, खोल, पण प्रत्येक अक्षर कळण्यासारखं. मागची कुरकुर थांबली. अक्का बायकांच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढे झुकले.

"तो बागेचाच पाहिजे."

हेही आलं. मला वाटलं, होतंय. मग कुणाचा तरी फोन वाजला, कुणीतरी त्याला दटावलं, आणि नानांचं लक्ष तुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरं वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मग त्यांनी मनातलं मूळ वाक्यच म्हटलं, आम्ही काढून टाकलेल्या शब्दासकट.

"धूर येतो."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तूर? तुरीचं काय?"

शेजारचा क्लार्क हळूच म्हणाला, "डाळमिलमध्ये होते ते, साहेब." एक-दोघं हसले. दुष्टपणे नाही, नकळत आलेलं हसू. पण नानांनी ते ऐकलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हवा आत गेली, पण वर येईना. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ शब्दाचा आकार करत होते आणि आवाज काहीच नव्हता. मी हळू आवाजात म्हटलं, नाना, थांबा, खांदे सैल सोडा, घाई नाही. साहेबही म्हणाले, सावकाश, सावकाश. खरंच थोडा वेळ मिळाला असता तर आवाज आला असता. असं मी पुष्कळदा पाहिलंय. घसा आवळतो तसा सुटतोही.

पण उकाडा होता, शांतता होती, आणि एक म्हातारा माणूस सगळ्यांसमोर तोंड उघडून उभा होता. ते लोकांना बघवत नव्हतं. पंडितभाऊंना तर अजिबात नाही. ते उठले, नानांच्या मागे आले आणि म्हणाले, "साहेब, हे बघा. नाना धूर म्हणताहेत. ह्याच्यात जातो तो धूर." आणि त्यांनी रुमाल खाली ओढला.

ज्यांनी स्टोमा कधी पाहिलेला नाही त्यांना तो पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. नाना जोरात श्वास घेत होते, त्यामुळे छिद्राची कड आत-बाहेर होत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंड फिरवलं. मग मोबाइल वर झाले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

नानांनी रुमाल वर ओढून घेतला. गाठ बसत नव्हती. मी ती बांधली. मग त्यांनी परत माइककडे तोंड केलं. हे मी जवळून पाहिलं. त्यांना बोलायचं होतं. राहिलेली वाक्यं त्यांना म्हणायची होती, आणि त्यांचे खांदे आता सैल झाले होते.

"बसा नाना," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर खरोखर हळवा झाला होता. "बसा. आम्हाला कळलं सगळं."

"साहेब, त्यांचं राहिलंय अजून," मी म्हटलं.

"नको, मॅडम. त्यांना आणखी त्रास नको. पंखे लावा रे."

पंखे फिरू लागले. नानांनी काहीतरी म्हटलं. ओठ हलले, आवाजही निघाला असावा. मला शेजारी उभं राहूनही तो ऐकू आला नाही.

बाहेर पोर्चमध्ये लोकांनी नानांना गराडा घातला. कुणी पाठ थोपटली, कुणी वाकून पाया पडलं. पंडितभाऊंचे डोळे पाणावले होते. "मॅडम, काम झालं बघा," ते मला म्हणाले. "माफ करा, पण राहवलं नाही." मी त्यांना बोलणार होते. पण नाना त्यांच्याकडे बघून मान डोलवत होते, जशी त्यांनी आयुष्यभर डोलावली असेल तशी. मग मी काय बोलणार?

परतीच्या एसटीपर्यंत नाना आणि अक्का मला सोडायला आले. मी म्हटलं, नाना, दोन वाक्यं स्वच्छ आली, भर सभेत माइकवर आली, माझ्या फार थोड्या पेशंटना हे जमलंय. हे खोटं नव्हतं. नाना स्टँडवरच्या पाट्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गळ्याचा, अगदी जवळून. खाली नानांचं पूर्ण नाव. विभागप्रमुखांनी तो मला दाखवला. हॉस्पिटलचं नाव नव्हतं, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

हरकत मान्य झाली. पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास तसं जाहीर झालं. प्लॉट बागेसाठीच राहिला आणि संकलन केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडच्या वस्तीजवळ गेलं. तिथल्या लोकांची सुनावणी झाली का, हे मी एकदा पंडितभाऊंना फोनवर विचारलं. ते म्हणाले, नोटीस तर निघाली होती मॅडम, पण तिकडून कुणी हरकतच दिली नाही. तिथे पेपर घेतं कोण?

कॉलनीने नानांचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला, तेव्हा नानांनी हात जोडले. हे मला अक्कांनी कळवलं. फॉलोअपची तारीख उलटून गेल्यावर मीच फोन केला होता. अक्का म्हणाल्या, आता ते पुन्हा पहिल्यासारखेच झालेत. घरी खुणा करतात, सगळ्यांना खुणा कळतात, काही अडत नाही. त्यांच्या बोलण्यात थोडा सुटकेचा सूरही होता, ते मला लपवता येत नाही.

हिवाळ्यात धुळ्याहून येताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. नाना ओट्यावर बसले होते, रुमाल स्वच्छ, तब्येत सुधारलेली. डॉक्टरांच्या भाषेत उत्तम. मला पाहून त्यांनी हाताने बसा म्हटलं, हातानेच चहा सांगितला. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, नाना, महिन्यातून एकदा या, सराव सुटला तर आवाज परत येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर हवा भरली. सराव नसतानाही शब्द सहज आला, एका दमात.

"कशाले?"

कशासाठी? मी काहीतरी उत्तर दिलं. नातवंडांशी, दुकानात, फोनवर, असं. आम्ही सगळ्यांना सांगतो तेच. नानांनी मान डोलावली. चहा घेऊन मी निघाले.

केस पेपरवर शेवटची ओळ असते, उपचार बंद करण्याचं कारण. मी लिहिलं, पेशंटची इच्छा. दुसरा रकाना नव्हता.

त्यानंतर मी कामात एक बदल केला. पेशंट चार लोकांत पहिल्यांदा बोलणार असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्यांना मी आधी बोलावून घेते. त्यांना फार काही शिकवत नाही. तो बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, तो अडला तर थांबायचं, कितीही वेळ लागला तरी, आणि काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. सगळे लगेच हो म्हणतात.